सहा अंडी आणि फक्त आपण दोघंच

सहा अंडी! अहो, सहा उकडलेली अंडी, आणि ती पण शनिवारी! तुम्हाला सांगते, आमच्या कंग्राळीच्या घरात शनिवारी कुणी अंड्याचं नाव काढलं तरी सासूबाई कानावर हात ठेवतात. मारुतीचा वार ना! आमचे युवराज, म्हणजे माझे मिस्टर, त्या दिवशी ऑम्लेटच्या गाडीकडं बघतसुद्धा नाहीत, रस्ता ओलांडून पलीकडून जातात… आणि त्याच माणसानं माझ्यादेखत, त्या वाईन रिसॉर्टच्या नाश्त्याच्या टेबलावरून एक, दोन, तीन, अशी सहा अंडी उचलली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, नॅपकिनात गुंडाळली आणि घातली की हो पँटच्या खिशात! तोंडात नाही हं, खिशात! आता लग्नाला तीन महिने झालेल्या बाईनं यातून काय समजायचं? सांगा की!

हसताय? हसा, मागच्या रांगेतल्यांनी पण हसा. मला त्या दिवशी दरदरून घाम फुटला होता.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या घरात माणसं अकरा आणि एक शामू. शामू म्हणजे बैल. शर्यतीचा. त्याला सकाळी पाच लिटर दूध, बारा अंडी, उडदाच्या पिठाचे गोळे, वर अंगाला तेल चोळायला दोन माणसं… मला हळद लागली तेव्हा पण एवढं कुणी चोळलं नव्हतं! मी त्याच्या जवळून जात नाही. तो फुस्स करतो, मी किंचाळते, मी किंचाळले की तो उडतो, तो उडाला की सासरे ओरडतात, “सूनबाई, दचकवू नगा त्याला!” म्हणजे मी त्याला दचकवते! मी!

तर असल्या घरात नवऱ्याशी बोलायचं कधी? हे सकाळी गोठ्यात, दिवसभर बेळगावात ऑफिसात, संध्याकाळी परत गोठ्यात. मी यायच्या आधी बोलणं चाललेलं असतं, मी आले की गप्प. “काय झालं?” “कुठं काय? काय न्हाय.” तीन महिने मी हेच ऐकतेय, काय न्हाय! मला साड्या नकोत, दागिने नकोत, मला एवढंच पाहिजे होतं हो, की या माणसानं एकदा तरी मला आपलं समजून काहीतरी आपणहून सांगावं. मग मी कुणाशी बोलणार? आईशी. रोज संध्याकाळी सात वाजता फोन. भाजी काय केली, सासूबाई काय म्हणाल्या, शामूनं काय खाल्लं, सगळं. त्यात काय एवढं?

आणि एका बुधवारी हे आले, दार लावलं, आणि हळूच म्हणाले, “प्रिया, शुक्रवारी जाऊया. द्राक्षाच्या मळ्यातलं रिसॉर्ट हाय, वाईन देत्यात म्हणं. घरातलं कोण न्हाय. फक्त आपण दोघंच!”

फक्त आपण दोघंच! अहो, मी दोन रात्री झोपले नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीकडून लाल ड्रेस आणला, तो साडीच्या घडीत लपवला, सासूबाईंना काय सांगायचं याची पाच खोटी कारणं तयार केली… आणि सासूबाईंनी एक सुद्धा विचारलं नाही! उलट म्हणाल्या, “जा गं माय, नवीन नवीन हाय, फिरून या.” तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती की नाही? पण नाही, मी बावळट, वाकून नमस्कार केला!

रिसॉर्ट कुठं, तर संकेश्वरच्या अलीकडं, हायवे सोडून आत. चारी बाजूंनी ऊस. नुसता ऊस! गाडी उसातून जातेय, जातेय, मी आपली बघतेय द्राक्षं कुठंयत, आणि एकदम एक कमान आली, आणि कमानीमागं द्राक्षाच्या चार ओळी. मोजल्या मी. चार! मॅनेजर टाय बांधून उभा, “वेलकम टू वाईन कंट्री, मॅडम! डोळे मिटा, मोठा श्वास घ्या, काय जाणवतं?” मी डोळे मिटले, श्वास घेतला. साखर कारखान्याच्या मळीचा वास. खोटं कशाला सांगू, घरीच आल्यासारखं वाटलं.

खोलीत गेले तर बिछान्यावर पांढरं काहीतरी मान वर करून बसलेलं! मी जी किंचाळले, ती तो मॅनेजर बॅग टाकून पळत आला. “मॅडम, टॉवेल आहे. हंस केलाय.” अहो, टॉवेलचा हंस कशाला करायचा? टॉवेलसारखा टॉवेल ठेवायला काय होतं? आणि बाथरूमला काचेची भिंत! आरपार! मी यांच्याकडं बघितलं, हे छताकडं बघायला लागले, म्हणाले, “असू दे की, फक्त आपण दोघंच तर हाय.” दोघंच असलो म्हणून काय झालं? तो हंस सोडला आणि त्यातल्या दोन्ही टॉवेलांनी काच झाकली, मग आंघोळीला टॉवेलच उरला नाही!

संध्याकाळी वाईन चाखायचा कार्यक्रम. मॅनेजरनं बाटली काढली, एवढ्या मोठ्या पेल्यात एवढीशी ओतायला लागला… एवढीशी म्हणजे आपण तीर्थ देतो ना, तेवढीच. आणि काय सांगू तुम्हाला, माझा हात आपोआप पुढं झाला! उजवा हात, खाली डावा, पदराचं टोक नाही म्हणून ओढणीचं टोक, सगळं व्यवस्थित. तो बिचारा गोंधळला, त्यानं पळीभर वाईन हातावर ओतली, मी प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या टेबलावरचे धारवाडचे पाहुणे बघतायत! केस चिकट. आणि हे? हसले पण नाहीत. घड्याळ बघत होते.

मग खोलीत आल्यावर माझा फोन घेतला, कपाटातल्या तिजोरीत ठेवला, आकडे दाबले, टिक. “हे काय?” “डिजिटल डिटॉक्स,” म्हणाले. आमचे युवराज! ज्यांना डिटॉक्स हा शब्द परवापर्यंत बैलाचं औषध वाटला असता! “आईला सात वाजता फोन करायचाय हो!” “हितं नेटवर्क न्हाय गं. आणि कशाला फोन? फक्त आपण दोघंच!” मला काय वाटलं असेल? मी पाघळले. म्हटलं, किती प्रेम हे! माझं आईशी बोलणंसुद्धा सहन होत नाही या माणसाला!

खरंच होत नव्हतं. पण ते पुढं.

तर शनिवारी सकाळी ही सहा अंडी. मी विचारलं, “अहो, कुणाला?” “कुठं काय? काय न्हाय. तू पोहे खा, मी जरा द्राक्षं बघून येतो.” चार ओळी द्राक्षं बघायला सहा अंडी लागतात? माझ्या डोळ्यांपुढं नको नको ते यायला लागलं. कोण आहे? कुणाला अंडी खाऊ घालतोय हा माणूस? कॉलेजातली कोण? मी पोहे तसेच टाकले आणि वेलींच्या आडून आडून त्यांच्या मागं. एक सरडा निघाला, तोंडावर हात दाबून मनातल्या मनात किंचाळले. पुढं गेले तर उसापलीकडं समोर काय उभं? मोबाईलचा टॉवर! ताडमाड, लाल-पांढरा! नेटवर्क न्हाय म्हणे!

आणि टॉवरच्या खाली पत्र्याचं शेड. आणि शेडमध्ये, तुम्हाला सांगते… शेडमध्ये शामू! अंगावर झूल, शेजारी तसलाच पांढराशुभ्र दुसरा बैल. रिसॉर्टच्या आरामखुर्चीवर आमचे भरमू आप्पा, म्हणजे सासरे, तोंडावर टोपी टाकून. आणि वाईनच्या बाटल्या थंड करायच्या त्या चकचकीत बादलीत सासूबाई उडदाचं पीठ मळतायत! आमची नणंद आरोही शामूला रिसॉर्टच्या शॅम्पूच्या बाटल्यांनी आंघोळ घालायच्या तयारीत. आख्खं घर! फक्त आपण दोघंच? अहो, अकरातले नऊ जण तिथं होते, आणि बैल वेगळा!

सासूबाईंनी मान वर केली. “अगं बया! ही हितं कशी? युवराज, कोंडली न्हाईस व्हय रं खोलीत?”

कोंडली! सुनेला! मी म्हटलं, “हे काय चाललंय?” यांच्या हातात सोललेलं अंडं. शेवटी आप्पांनी टोपी काढली. “सूनबाई, उद्या शर्यत हाय.”

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तुमचा मामा बी हाय की शर्यतीत.”

आता यातली मेख सांगते. शर्यतीची जोडी एका घरची असेलच असं नसतं. एक बैल आमचा, एक दुसऱ्याचा, आणि कुणाच्या बैलाबरोबर कुणाचा जुंपणार हे शर्यतीच्या सकाळपर्यंत गुपित. बाहेर फुटलं की समोरचा तिला हरवेल अशी जोडी शोधतो. रिसॉर्टचा मालक म्हणजे त्या दुसऱ्या पांढऱ्या बैलाचा मालक! तिथं आधी बैल पळवायचा माळ होता, आता द्राक्षं लावलीत. आणि निपाणीचा माझा यल्लाप्पा मामा, आईचा सख्खा भाऊ, त्याची जोडी आमच्या विरुद्ध!

“म्हणजे मी फितूर?” माझा आवाज एवढा वर गेला की शामूनं कान टवकारले.

यांनी अंडं खिशात ठेवलं. “तसं न्हाय गं. तुझ्यावर लई विश्वास हाय माझा. पर तू सात वाजता आईला फोन करतीस का न्हाईस?”

“करते. मग?”

“शामूला उडदाचे गोळे सुरू केले ते आईला सांगितलंस?”

“…सांगितलं असेल.”

“चौथ्या दिवशी मामाच्या बैलाला उडीद! आप्पा पहाटे चारला उठून तेल चोळत्यात ते सांगितलंस? मामा साडेतीनला उठाय लागला!”

सासूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, “पोरगी सोन्यासारखी हाय. पर पोटात काय म्हणून ऱ्हात न्हाई तिच्या.”

अहो, म्हणजे ते वाईन, तो हंस, ती काच, ते सगळं मला माझ्या आईपासून दोन दिवस लांब ठेवायला! बाकीच्या बायका हनिमूनला जातात, मी नजरकैदेत गेले होते! लाल ड्रेस घालून! मी तिथंच चाऱ्याच्या पेंढीवर बसून रडायला लागले, हुंदके देऊन. आणि शामू… तो एक पाऊल पुढं आला आणि माझ्या चिकट केसांना त्यानं नाक लावलं. वाईनचा वास आला असणार. मी इतकी रडत होते की किंचाळायचं राहून गेलं. आरोही म्हणाली, “वैनी, हलू नको हं! असा शांत तो कधीच नसतोय!” मग काय, मला तिथंच बसवलं. दुपारभर. फक्त आम्ही दोघंच! मी आणि बैल!

रविवारी शर्यत झाली. आमची जोडी सुटली ती सुटलीच, मामाची मागं, आणि बक्षिसाची ढाल आमच्या घरात. मी झूल धरून उभी, समोर मामा. त्यानं झुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि फेटा काढून गाडीत बसला.

तिजोरीतनं बाहेर आल्या आल्या फोन वाजला. आई! “तुला सगळं म्हाईत हुतं आणि मला एका शब्दानं बोलली न्हाईस? सख्ख्या मामाला खाली बघायला लावलंस? तीन म्हैन्यात सासरची झालीस व्हय गं?”

“आई, मला कुणी सांगितलंच नव्हतं! शप्पथ!”

“आता खोटं बी बोलाय लागलीस!” आणि फोन आपटला. बघा, इकडं मी माहेरची म्हणून कोंडलेली, तिकडं मी सासरची म्हणून फोन बंद. मग मी आहे कुणाची हो? बैलाची?

पण तुम्हाला सांगते, एक झालं. गेल्या आठवड्यात हे गोठ्यातनं आले, दार लावलं, माझ्याशेजारी बसले, आणि पहिल्यांदा, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, आपणहून मला सांगितलं. आईला न्हाय, आरोहीला न्हाय, तुलाच सांगतो, म्हणाले. माझे डोळे भरून आले. पुढची शर्यत बारा तारखेला, खानापूरच्या माळावर, आणि या वेळी शामूबरोबर जुंपायचा तो नंदगडचा तांबडा बैल. “कुणाला बोलू नको हं. हे फक्त आपल्या दोघांतच!” किती विश्वास! मी आईला सुद्धा बोलले नाही. सात वाजले की तोंडात सुपारी धरून बसते. आठ दिवस झाले, कुणाला म्हणजे कुणाला…

अगं बाई.

नाही… ते बारा तारीख मी आपलं असंच… अहो, तुमच्यात निपाणीचं कुणी नाही ना? त्या मागच्या रांगेतल्या, पिवळ्या साडीतल्या काकू, तुम्ही फोन कुणाला लावताय? काकू! काकू, बसा की!

गेल्या.

जाऊ दे. बरोबरच होतं आमच्या घरच्यांचं. मीच जाऊन सांगते यांना, कणकुंबीच्या जंगलात एखादं रिसॉर्ट बघा. काचेची भिंत असली तरी चालेल. पण या वेळी खरोखरच नेटवर्क नसलेल्या ठिकाणी कोंडा मला… आणि अंडी मी घरूनच उकडून घेते.