अठरा मिनिटं

—टिक, टिक, टिक. एवढाच आवाज, नोरीन. त्या संध्याकाळी गाडीत काय झालं म्हणून विचारलंस ना — तर हे झालं. उजव्या वळणाचा दिवा टिकटिकत राहिला. चौदा वर्षं झाली, अजून कानात आहे. बस की पोरी, उभी का? बरं, राहा उभी. तुझ्या आईचंही असंच, मनात काही असलं की बसायची नाही.

नियम तर तुला ठाऊकच — मतपेटी मोजणीला कोर्टहाउसला न्यायची ती दोघांनी, एक तुमच्या पक्षाचा, एक आमच्या, एकाच गाडीतून, वाटेत न थांबता. तुझ्या आईनं, इर्मानं, आणि मी बावीस वर्षं नेली. दिवसभर शाळेच्या जिममध्ये मतदानाच्या टेबलामागं बसायचं, तिनं आणलेला ॲपल पाय खायचा, आणि पेटी उचलताना ती म्हणायची, "ऑर्विल, तुमच्या लोकांची मतं फार जड, ती बाजू तूच धर." मी म्हणायचो, "तुमची पोकळ ना, म्हणून तुला हलकी लागते." बावीस वर्षं तोच विनोद. दरवर्षी हसायचो.

त्या ऑगस्टात माझी बायको गेली, वेल्मा. नोव्हेंबरात आम्ही पेटी घेऊन निघालो, मी चालवत होतो. चौक आला — कोर्टहाउस डावीकडं, हॉस्पिटल उजवीकडं. पाच महिने रोज उजवीकडं वळलेला माणूस मी — हात आपसूक गेला, दिवा लावला, वळलोसुद्धा. अर्ध्या मैलावर ध्यानात आलं की तिथं आता माझं कुणी नाही. गाडी कडेला घेतली आणि ओक्साबोक्शी रडलो. दफनाला डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. तुझ्या आईनं एक हात पेटीवरून काढला नाही हं — दुसऱ्या हातानं रुमाल दिला. म्हणाली, "सावकाश. मतं कुठं पळून जात नाहीत." अठरा मिनिटं.

तिथून जाताना कुणीतरी आमची थांबलेली गाडी बघितली. आणि आमचा उमेदवार अकरा मतांनी पडला. मग काय — मी आपला भोळा म्हातारा, मला तिनं गुंडाळला, असं आमच्या लोकांनी ठरवूनच टाकलं. काउंटीच्या सभेत तिला उभं केलं. "अठरा मिनिटं पेटी कुठं होती, बाई?" ती म्हणाली, "माझ्या हाताखाली." लोक हसले. तसलं हसू मी आमच्या गावात आधी ऐकलं नव्हतं. "गाडी का थांबली?" तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. म्हणाली, "ते मी सांगायचं नाही." मी दुसऱ्या रांगेत होतो, टोपी गुडघ्यावर. टोपीची कड फिरवत बसलो.

का नाही उठलो? बाप्या माणूस रडला त्याची लाज — स्वतःला तेच सांगत आलोय. पण तसं नाही. तो प्रश्न विचारणारा ना, ओरडणारा — तो माझा लाइल. भरल्या सभेत पोरगा तोंडावर पडला असता. आणि घरी आल्यावर सांगितलं मी त्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आता राहू द्या." राहू दिलं. — हे... हे मी सांगणार नव्हतो तुला.

तिच्या पत्रपेटीत कुणीतरी शेण भरलं. दुकानात लोक पाठ फिरवायचे. मी नाही फिरवली, पण बोललोही नाही. ती मात्र हात करायची मला, रस्त्यापलीकडून. मग तू तिला ओमाहाला नेलंस. तरी नाताळचं कार्ड यायचं. गाडीबद्दल एक अक्षर नाही. "वेल्माची आठवण येते," बस, एवढंच. गेल्या नाताळला आलं नाही, तेव्हा कळलं मला, ती गेली.

दे तो कागद, तू लिहून आणलेला. आठवी शिकलोय मी, पण वाचला नीट. गुरुवारच्या सभेत वाचायचा, नोंद करून घ्यायची की इर्माचा काही दोष नव्हता. शब्द न् शब्द खरा आहे. पेनही आहे, हे बघ. करतो सही. फक्त... लाइल उभा आहे ना यंदा, राज्याच्या विधानसभेला. मतदानाला तीनच आठवडे उरलेत. तेवढं होऊन जाऊ दे. मग मी स्वतः उभा राहतो सगळ्यांसमोर, देवाशपथ. चौदा वर्षं गेली, तिथं तीन आठवड्यांचं काय — कागद का घेतलास? नोरीन? अगं, पायरी जपून, तिसरी हलते — नोरीन—