नावेत चढण्यापूर्वी चाकं काढावीत

हसू नका, प्लॅनिंग माझं चोखच होतं. बडोद्यातल्या मांजलपुराहून आम्ही सहा जण सायकलींवर चांदोदला पोचलो. तिथून नावेनं नर्मदा ओलांडायची आणि पलीकडच्या पायवाटेनं पुढं जायचं. नाव लहान असणार, म्हणून मी घाटावरच हुकूम सोडला, "सगळ्यांनी दोन्ही चाकं काढा. मी व्हिडिओ बघून आलोय."

आमच्यातल्या विद्याताई शाळेत गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, नावाड्याला एकदा विचारू या का?"

"त्यात विचारायचं काय?"

अर्धा तास खटपट चालली. हात काळे झाले, एक नाव आमच्यादेखत सुटून गेली. दुसऱ्या नावेचे काका बिडी ओढत शांतपणे आमच्याकडे बघत बसले होते. शेवटी चाकं, सांगाडे सगळं त्यांच्या नावेत चढलं.

तेवढ्यात एक दूधवाला आला. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली मोटरसायकल त्यानं फळीवरून सरळ आत घेतली. तरी जागा उरलीच.

विद्याताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

मग न राहवून विचारलं, "काका, सायकली अख्ख्या मावल्या असत्या?"

"साहेब, आ नावमां तो भेंस पण आखी आवे छे!" म्हणजे या नावेत म्हैससुद्धा अख्खी मावते.

"मग आधी का नाही बोललात?"

यावर काका मराठीत म्हणाले, "तुम्ही एवढ्या भरोशानं खोलत होता, मला वाटलं बडोद्याची हीच रीत असेल."