गॅरंटी न विचारणारी माणसं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, आमच्या दुकानाचे मालक, आज ज्यांना निरोप देताना आम्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली आहे ते आमचे मापकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, दुकानातले माझे सहकारी आणि समोर जमलेल्या गिऱ्हाईक मंडळींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे माईकसमोर उभी राहिलेलीही मीच पहिली. चुकायला नको म्हणून लिहून आणलंय. पण त्यातलं निम्मंच वाचणार आहे. उरलेल्या वेळात, काका मला ‘कुणाला सांगू नकोस, हसतील’ म्हणाले होते, ते सांगणार आहे. काका, आत्तापासून मान हलवू नका. आज इथून तुम्ही दुकान सोडून घरी जाणार, आणि मला त्याची भीती वाटते आहे.

आमचं दुकान आपण जाणता. तंबू, पाठपिशव्या, विजेऱ्या, छऱ्याच्या बंदुका, रानात घालायची जाकिटं, कामाचे बूट. दारावर मालकांनी पाटी लावली आहे, ‘स्वतःसाठीही कधीतरी चांगलं घ्या.’ मालक, मी पाटीच्या विरुद्ध काही बोलत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

काकांचं काम मापाचं. गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेणार, टाचेला अंगठा लावणार आणि सुरू होणार. ‘डावा मोठा आहे तुमचा. अहो, लाजता काय, तुमच्या सासऱ्यांचाही आहे!’

मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, काका विसराळू आहेत. एखाद्याला बंदूक द्यायचे आणि छऱ्यांची डबी ‘उद्या न्या’ म्हणायचे. डब्या मागच्या फळीवर रचलेल्या! मी एकदा डबी पुढे केली तर हातावर चापट बसली. सगळ्यांशी असं नाही, क्वचित एखाद्याशीच. मालक चिडायचे. याला काय दुकानदारी म्हणायची?

मग एक दिवस माझे बाबा दुकानात आले. बाबा विहिरींतला गाळ काढतात. जन्मभर लोकांनी टाकलेल्या चपला घातल्या. आम्हा पोरांची पुस्तकं आधी. त्या दिवशी मात्र ते सरळ काचेच्या कपाटाशी गेले आणि म्हणाले, ‘ते जाड तळाचे काढ. माझ्यासाठीच.’ घासाघीस नाही, काही नाही. बूट घालून आरशासमोर उभे राहिले आणि हसले. आरशात बघून हसणारे बाबा मी तोवर पाहिलेच नव्हते. मला भरून आलं. काकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी डावा बूट तेवढा बांधून दिला. ‘उजव्याची शिवण उसवली आहे. उद्या बदलून देतो.’

शिवण धड होती. बाबा गेल्यावर मी काकांवर चक्क ओरडले. ‘गरीब दिसले म्हणून का?’

‘गॅरंटी विचारली त्यांनी?’

‘नाही.’

‘हं. म्हणूनच.’

मग त्यांनी सांगितलं. ‘फळबागेचा एक राखणदार होता. जन्म गोफणीवर काढला. एक दिवस आला, सगळ्यांत भारी बंदूक घेतली, छरे घेतले, कव्हर घेतलं. भाव केला नाही, गॅरंटी विचारली नाही. जाताना मला नमस्कार केला. पुढच्याच आठवड्यात बायको खोकं परत घेऊन आली. सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. झाडाखाली बसला, तो बसलेलाच राहिला. मग एक लाकूडतोड्या. मग शाळेच्या एक बाई, तंबू नेलेल्या. पोरी, ज्याला वस्तू वापरायची असते तो गॅरंटी विचारतो. ज्याच्या आत कशाला तरी आधीच कळलेलं असतं, तो नाही विचारत. म्हणून मी अर्धी वस्तू ठेवून घेतो. माणसाला परत यायला काहीतरी कारण हवं.’

मी हसले. पण मानेवर काटा आला, तो घरी जाईपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर होतं आणि त्याखालून बाबा वाकून आत आले, तणतणत. ‘एका पायात नवा, एका पायात जुना. माकडाचा खेळ झाला माझा!’ मग तंबाखू मळावी तितक्या सहज म्हणाले, ‘काल विहिरीत पाय टाकला आणि खालून हाक आली. आई मारायची तशी, लहानपणच्या नावानं. खाली कुणी नव्हतं, आधी कंदील सोडून बघितलं होतं मी. तरी वाकलो. मग म्हटलं, थांब गं, दुसरा बूट आणायचाय अजून.’

आणि उजवा बूट चढवता चढवता विचारलं, ‘ह्याची गॅरंटी काय?’ काका मटकन स्टुलावर बसले. बाबा आज मागच्या रांगेत बसले आहेत.

आता आजचं. मालकांनी काकांना विचारलं, भेट काय देऊ? ‘मला कुठे डोंगर चढायचाय’ म्हणत आयुष्य रबरी चपलेत काढणाऱ्या काकांनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. मालक खूश. माप मी घेतलं. काका आरशासमोर उभे राहिले आणि हसले. मी गॅरंटीच्या कार्डावर शिक्का मारायला घेतला, तर म्हणाले, ‘राहू दे गं. ते काय करायचंय.’

काका, तुम्हाला तुमचं कळलं नाही? की कळलं होतं? विचारायचं धाडस मला झालं नाही.

काकू, घाबरू नका. मी कुलूप चारदा ओढून बघणारी मुलगी आहे. सगळे माझ्या मनाचे खेळ असतील. पण खोकं बांधायचं काम माझ्याकडे होतं.

अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. भेटीत जे उणं आहे त्याबद्दल मालकांची वेगळी माफी मागते. काकांच्या मांडीवरच्या खोक्यात डावा बूटच आहे. उजवा दुकानात, माझ्या काउंटरवर ठेवलाय. काका, उद्या दुकान उघडताना या. आल्या आल्या गॅरंटी विचारलीत, तर तिथल्या तिथे देईन.

नाही विचारलीत, तर नाड्या परवा.