एका प्रकाराला एक

...एका प्रकाराला एक! आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? तीनशे बारा रेकॉर्डी आहेत माझ्या, सगळ्या रॉकच्या, एकेक पारखून घेतलेली, आणि आमची ही उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "अहो, पुढच्या महिन्यात आई कायमची राहायला येतेय, तिला ही खोली लागणार, तेव्हा एका प्रकाराला एक ठेवा, बाकीच्या काढा!" आणि हे प्रकार तिला शिकवले कोणी? मीच! लग्न झाल्यापासून घरात जो येईल त्याला मी ऐकवत आलोय, की बाबांनो, रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा नव्हे, त्यात सात प्रकार आहेत, पंक वेगळा, मेटल वेगळं, हार्ड रॉक वेगळा... झालं! तीस वर्षं ही भाजी निवडता निवडता ऐकत होती, आणि आता माझेच दात माझ्याच घशात. "सात ना? मग सात ठेवा."

मी म्हटलं, अजिबात नाही! मी हटणारा माणूस नाही! पण ही टपाल कचेरीत पत्रं खणाखणांत लावते हो, सव्वीस वर्षं! समोर काहीही आलं की हिला त्याचा खण दिसतो. पाहुणा आला तरी चहा टाकायच्या आधी मनात ठरवते, हा कुठल्या खणातला. तिच्यापुढे माझी डाळ काय शिजणार?

बरं, निवाड्याला पंच कोण? साडू! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्यालाही हेच वेड. आणि ठरलं काय, तर बाद झालेल्या सगळ्या रेकॉर्डी जाणार साडूच्याच घरी! अहो, मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचं, आणि वर त्यालाच विचारायचं, का रे, दूध नासलंय का? तो तर घरातून निघतानाच चार रिकामी खोकी घेऊन निघालेला!

रविवारी सकाळी बैठक बसली. पहिला प्रकार पंक. मी काढला 'वाकडा चमचा'. आम्ही दोघं अल्बम कव्हरवरूनच ओळखतो, नावं घेत बसत नाही. तर हा 'चमचा' म्हणजे, तुम्हाला सांगतो, ऐकला की माणसाला आपल्या साहेबाला जाऊन चार शब्द सुनवावेसे वाटतात! साडूने चष्मा कपाळावर चढवला, आणि वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "छान आहे हो, छानच आहे... पण दादा, गिटार सुरात लागलीय. पंकमध्ये गिटार सुरात?" ही म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे, पुढचा!" ठप! चमचा खोक्यात. आणि पंकच्या जागेवर साडूने कुठली बसवली? जिच्या दुसऱ्या बाजूला सुई अडकते ती!

मग मेटल. मी काढला 'काळा घण'. साडू म्हणतो, "मेटल ऐकून मान हलली पाहिजे. याने नुसता पाय हलतो." आता पाय हा काय परका अवयव आहे? मी भांडलो, टेबलावर मूठ आपटली, पाणी सांडलं, मी म्हटलं मी हटणारा माणूस नाही! ही म्हणाली, "हटू नका, पण ते पाणी पुसा." पुसून वळतो तर घण खोक्यात!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस, लोकांना दिसत नाही ते दाखवायचं हा माझा धंदा, आणि मला एवढं दिसू नये? मी ज्याची स्तुती करतो तेच हा बाद करतोय! मग म्हटलं थांब, करतो तुझी फजिती. आता रद्दी काढायची, तिची तोंड फाटेस्तोवर स्तुती करायची, हा ती बाद करणार, की लगेच आपण दुसरी, चांगली, हळूच पुढे सरकवायची!

तिसरा प्रकार प्रोग्रेसिव्ह. मी काढली 'गोगलगाय'. ही मी विकत घेतलेली नाही, एका मित्राने घर सोडताना माझ्या गळ्यात मारली. दोन बाजूंना मिळून दोनच गाणी, एकेक बावीस मिनिटांचं, आणि त्यातली अकरा मिनिटं कोणीतरी बासरीत नुसता श्वास घेतोय! मी उभा राहिलो, गळ्याच्या शिरा ताणल्या, "प्रोग्रेसिव्ह म्हणजे ही! हिच्यापुढे बाकी सगळं झूट! ही ज्याला कळली नाही त्याला रॉक कळला नाही!" साडूने गोगलगायीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय म्हणाला असेल?

"मान्य."

मान्य! मला वाटलं चुकून म्हणाला. सायकेडेलिकला मी त्याहून भिकार काढली, मान्य. ग्रंजला, फोक रॉकला... मान्य, मान्य! तो आपला हसतोय आणि खोकी भरतायत. आणि ही कौतुकाने म्हणते, "बघा, किती समजूतदार आहेत ते!"

शेवटचा हार्ड रॉक. माझ्या हातात 'जळकी खुर्ची'. आता ही कोण, ते सांगतो. नोकरी लागली त्या आठवड्यात घेतलेली ही माझी पहिली रेकॉर्ड. तीन भाड्याच्या खोल्या बदलल्या, पण ही कधी सामानात टाकली नाही, हातातून आणली. वडील गेले तेव्हा आठ दिवस मी कोणाशी बोललो नव्हतो, फक्त हिची पहिली बाजू ऐकत होतो. जीव आहे माझा तिच्यात. आणि मी काय केलं? डोकं लढवलं! म्हटलं, स्तुती केली तर हा 'मान्य' म्हणेल की बाद करेल, काही नेम नाही, मग शिव्याच घालाव्यात, त्याला बाजू घ्यावीच लागेल! मी म्हटलं, "हा काय हार्ड रॉक आहे? रडगाणं आहे नुसतं! भंगारवाला तरी घेईल का?"

साडू म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर मी काय बोलणार?" आणि ही रेकॉर्ड त्याने बाकीच्यांसारखी टाकली नाही हो. दोन्ही हातांनी घेतली, रुमालाने पुसली, आणि हळूच खोक्यात ठेवली. आणि सातव्या जागेवर हाताला लागली ती ठोकून दिली.

चार दिवसांनी साडू खोक्यांसकट दारात! मेहुणीने घर डोक्यावर घेतलेलं, "ही खोकी तरी राहतील, नाहीतर मी तरी!" मी धावत जाऊन पहिलं खोकं उतरवून घेतलं. ही म्हणाली, "हे बघा, जागा सातच. पण हवं तर बदलून घ्या. फक्त एवढंच म्हणा, की त्या दिवशी बोललो ते खोटं होतं." एवढंच! एक वाक्य! जळकी खुर्ची वरच होती, मला दिसत होती. तोंड उघडलं होतं मी, देवाशप्पथ सांगतो! तेवढ्यात साडू म्हणाला, "म्हणतील हो ते. रॉकमधलं एवढं कुठे कळतंय त्यांना?"

मग काय करणार? मी म्हटलं, एक शब्द मागे घेणार नाही! हीच सात खरी! मी हटणारा माणूस नाही! खोकी आली तशी गेली. आता ती त्याच्या कारखान्यात आहेत. तिथे म्हणे दुपारच्या जेवणाला सगळे लिफ्टवाले 'जळकी खुर्ची' ऐकतात.

आणि सासूबाई आल्या. स्वभावाने गाय आहेत हो बिचाऱ्या. हिने त्यांना सांगून ठेवलेलं, की आई, तुझ्यासाठी यांनी तीनशेपाच रेकॉर्डी सोडल्या, आणि या सातांसाठी, त्यातून त्या गोगलगायीसाठी, मात्र जिवाचं रान केलं. झालं! रोज चारला चहा झाला की त्या म्हणतात, "जावईबापू, लावा ना तुमची ती आवडती." मी गोगलगाय लावतो. परवा स्वयंपाकघरात हिला सांगत होत्या ते मी या कानांनी ऐकलं, "मला ती बासरी सोसत नाही गं, डोकं उठतं. पण त्यांचा जीव आहे तिच्यात, आपण मोडता कसा घालायचा?"

आता तुम्हीच सांगा, त्यांना काय सांगू? आम्ही दोघं समोरासमोर बसतो, मी त्यांच्यासाठी मान डोलावतो, त्या माझ्यासाठी डोलावतात... बावीस मिनिटं! मग सुई उचलली की मला वाटतं, सुटलो. तर सासूबाई पदराने कपाळ टिपतात, हसतात, आणि म्हणतात, "दुसरी बाजू राहिली ना?"