राखाडी वाचनालय

हॅलो? … चिमे, शिस्तीशिवाय जगात काहीही उभं राहत नाही, हे वाक्य तुझंच ना? … हो, त्याच दिवशीचं. माझ्या कॉम्प्युटरवर ते नवं सॉफ्टवेअर बसवून दिलंस तेव्हाचं. सगळ्या विंडो आपोआप शेजारी-शेजारी लागतात, एकीवर दुसरी चढत नाही, ताई तुला काही हलवावंच लागणार नाही… हो, हो… अगं ऐक ना. लागल्यात शेजारी-शेजारी. पण नकाशाच्या विंडोत नकाशाच नाही. नुसता राखाडी चौकोन.

… नाही गं, फाईल शाबूत आहे. विंडोची कड ओढली की अख्खं वाचनालय दिसतं. सोडली की गुडूप. … ओढत बसू? शाळेची कमिटी बाहेर चहा पितेय. वाचनालयाचं काम मला द्यायचं की त्या काचवाल्याला, ते आज ठरणार. त्यांच्यासमोर कड ओढत बसू?

… काचवाला म्हणजे तोच. गोठा सांगितला तरी काचेचा बांधेल.

… दाबलं. … तेही दाबलं. आता ती विंडो रांगेतून सुटून मधेच तरंगतेय. आणि जाईल तिथे स्वतःचे तुकडे मागे सोडतेय. माझा जिना मेलवर उतरलाय… अगं खरंच, कमिटीच्या पत्रावर पायऱ्या दिसतायत. हसू नकोस, मला रडू येतंय.

… म्हणजे चूक कुणाची? … हं… नकाशाचा प्रोग्राम म्हणतो मी कधीच रंगवलं, विंडो लावणारा तुझा शिस्तवाला म्हणतो मी जागा बदलली, आणि पुन्हा रंगव हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. अगदी आपले दोन काका. हा म्हणतो त्याला सांगितलंय, तो म्हणतो मला कोण सांगतंय. आणि पाहुणे स्टेशनवर.

… एक ओळ टाइप करायची? एवढीच? मग इतका वेळ माझा जीव कशाला… लॉगआउट? आत्ता? … बरं, सांग, सांग पटकन. आधी खालची रेघ… मग सगळी मोठी अक्षरं… अगं सावकाश. परत सांग. … थांब. दार वाजलं.

या, या सर. बसा ना. … चालूच आहे, फक्त जरा… कागदावरचा गाडीत आहे, मी आणते पटकन… हाच? … हो. म्हणजे, हो, वाचनालयच, पण… बरं. … बरं सर. … इथे सही, हो.

… चिमे? आहेस ना? … गेले. … ओळ कुठली लिहितेय. सगळे त्या राखाडीकडे बघत उभे राहिले. मी तोंड उघडणार, तर अध्यक्ष म्हणाले, बाई, बाकीच्यांनी नुसती गर्दी दाखवली. मोकळी जागा सोडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

… आईशप्पथ. … सांगणारच होते गं, पण तोवर त्यांनी पेन काढलं होतं.

… हो, मिळालं. … नको, आता ती ओळ नको. … काही दुरुस्त करायचं नाही. बाहेरच्या भिंतींचा रंगही तोच ठरलाय.

ठेवते.