पाचवी चौकट

बसा हो, बसा, मिस थिबोडोचं आत आवरायचंय अजून — मंगळवारी तिला पाच-दहा मिनिटं उशीर होतोच. मला कसं माहीत? सतरा मंगळवार याच बाकावर बसलोय मी, या लायब्ररीच्या दाराबाहेर. मी एल्डन. तुम्ही ओरिन, ट्रकवाले — हो, बोलली ती. आता लाकडाचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला वाचायची कुठली सवय, नाही का? राग मानू नका, तिला तसाच माणूस हवा असतो. विद्यापीठात ती पाण्याचं शिकलीय, आणि आपल्यासारख्यांना कळावं म्हणून त्याचं कॉमिक काढतेय — बोअरच्या पाण्यात आर्सेनिक असतं, दिसत नाही, वास नाही, म्हणून तपासून घ्या. शिकलेल्या माणसाला वाचायला दिलं तर त्याला कुठे अडतच नाही, मग हिला चूक कळणार कशी? म्हणून आपण. वाचायचं, अडलं की बोट ठेवायचं, ती ते खोडते आणि पुन्हा काढते. मी सातवीत शाळा सोडलेली, माझं बोट सारखं खाली. फार खूश असायची माझ्यावर.

ही बघा, माझ्या खिशातली जुनी प्रत. आधी बघू नका म्हणाली असेल तुम्हाला. बघा हो, काय होतंय. ही पहिली चौकट, नळ. ही दुसरी, किटली — ही माझ्यामुळे आली. मी म्हणालो होतो, उकळलं की जातं की सगळं. ती हसली नाही. म्हणाली, उलट वाढतं, कारण पाणी आटतं आणि ते मागे राहतं. पुढच्या मंगळवारी किटली काढून आणली. आणि हे दोन पेले, अगदी सारखे, एक चांगला, एक वाईट — हे तर सरळ माझेच. न दिसणारी गोष्ट काढायची कशी म्हणून डोकं धरून बसली होती, मी म्हटलं, मिस थिबोडो, काढूच नका, नुसते दोन सारखे पेले काढा. उठून उभी राहिली ती. आता कळलं ना तुम्हाला सगळं? मग आत गेल्यावर अडणार कुठे तुम्हाला? — नाही, मुद्दाम नाही केलं मी. केलं. मुद्दामच केलं.

गेल्या आठवड्यात म्हणाली, एल्डन, तुम्हाला आता सगळंच समजायला लागलं, मला नवा वाचक बघावा लागणार. कौतुकानेच म्हणाली. मी काकवीचे डोनट नेले होते, डबा तसाच घरी आणला. म्हणजे बघा, समजत नव्हतं तोवर मी कामाचा. त्याआधी दोन आठवडे मी खोटं खोटं अडूनही पाहिलं, पण तिला लगेच कळलं. आणि आता तिथे समोर तुम्ही बसणार, तुम्ही बोट ठेवणार, आणि ती तुमच्याकडे वाकून विचारणार — काय अडलं, ओरिन?

पाचवी? ती नका बघू. बरं, बघा. माणूस तपासणीची बाटली भरतो, खिडकीत ठेवतो आणि पाठवत नाही. का पाठवत नाही? हे तिला येत नाही काढता. चारदा खोडलंय. ज्याला त्याला विचारते. कुणी म्हणतं आळशी, कुणी म्हणतं विसरला. मीही म्हणालो, आळशी असेल.

आळशी नाहीये तो. बोअर त्याने स्वतः मारलाय, तोच धंदा होता त्याचा — दोनशे साठ फूट, सगळा खडक. पाणी लागलं तेव्हा पहिला पेला बायकोला दिला. ती म्हणाली, इतकं गोड पाणी गावात कुणाकडे नाही. एकेचाळीस वर्षं तेच पाणी प्यायली व्हर्ना, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरने गेली. आता बाटली पाठवली की आर्सेनिकचा आकडा येणार. मग कुणी पाजलं तिला? न पाठवता निदान — निदान माहीत तरी नाही. खिडकीतच आहे बाटली, व्हर्नाच्या जिरेनियमच्या कुंडीशेजारी. तिसऱ्या मंगळवारी या आतल्या पोरीने विचारलं होतं, तुमचं पाणी तपासलंत ना? मी म्हटलं, हो, केव्हाच.

हे तुम्हाला का सांगून बसलो मी? आता तुम्ही आत जाल, हेच सांगाल, आणि ती उठून उभी राहील — तुमच्यासाठी.

दार उघडलं. तुमचंच नाव घेतलं. जा. — थांबा, ओरिन. पाचव्या चौकटीवर बोट ठेवा आणि एवढंच म्हणा, याचं उत्तर बाहेर बाकावर बसलंय. जास्त काही बोलू नका. जा आता. आणि दार लोटून घेऊ नका.