आधी मशीन

गडचांदूरच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती. आत पट्टी बांधायला नेलेल्या घनश्यामची बायको वच्छला, आणि त्याच्यासोबत ट्रक धुणारा भूपेश.

"ट्रकवरचं जमलेलं सिमेंट काढाले ॲसिड लागतेच, वयनी. मशीनचा पाईप सटकला अन् सारं हातावर आलं."

"अन् अंगावरचा प्लास्टिकचा एप्रन?"

"तो प्रेशर मशीनवर झाकला होता. ॲसिड उडलं का जंग लागते तिले."

"मालकानं झाकाले लावला?"

"नाई, घनश्यामभाऊनंच झाकला. मागची मशीन सडली तं मालकानं श्रावणले कामावरून काढलं ना!"

"मंग पाणी तरी लगेच टाकाचं हातावर!"

"साफ पाण्याचा एकच ड्रम होता. ॲसिड आत रायलं तं पंप खाते, म्हनून भाऊनं पयले मशीनमधून पाणी सोडलं."

"हात जळून राह्यले होते तरी?"

"हो."

"मालकाचा फोन आला का?"

"आला ना. मशीन धुतली का, विचारे."

"तुमी काय सांगतलं?"

"मी मनलं, धुतली. भाऊनं हाताच्या आधी तिलेच धुतलं."

"मंग?"

"शाब्बास मनला."